मागे बसणाऱ्यांचं वर्ष

डिसेंबर संपत आला की फोनमधलं गाण्यांचं ॲप आपल्या आवडीनिवडीचा हिशेब रंगीत चौकटीत मांडून दाखवतं. वर्षभरात कुणाला सगळ्यात जास्त ऐकलंत, काय पुन्हा पुन्हा लावलंत. माझ्या चौकटीत पहिल्या क्रमांकावर एकही गायक नव्हता. तिथे होतं, ‘तानपुरा, काळी चार’. कारण अगदी साधं. सकाळी गळा साफ करायला बसते तेव्हा हल्ली फोनवरच तानपुरा लावते आणि नंतर स्वयंपाक होईपर्यंत तो चालूच राहतो. भाचीला मात्र त्याची फार मौज वाटली. “मावशी, तू अख्खं वर्ष गाणं सुरू व्हायच्या आधीचंच ऐकत बसलीस!” असं म्हणून तिने चौकटीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

मग मीही ईर्षेने माझी स्वतःची यादी करायला घेतली. वर्षभरात काय पाहिलं, काय ऐकलं, कुठे गेले; त्यातलं मनात टिकलेलं तेवढंच घ्यायचं. मिरज, अजिंठा, राजापूरकडचे सडे म्हणजे कातळाची पठारं, तंजावर आणि डिसेंबरातला सवाई गंधर्व महोत्सव. यादी वाचताना माझंच मला हसू आलं. प्रत्येक ठिकाणी जे पाहायला म्हणून गेले त्यावरून माझी नजर घसरून त्याच्या मागच्या माणसांवर गेली होती. भाचीचं म्हणणं सगळीकडेच खरं ठरत होतं म्हणायचं.

याचं मूळ कुठे आहे ते मला माहीत आहे. शाळकरी वयापासून मी आमच्या गाण्याच्या बाईंच्या मागे तानपुऱ्यावर बसत आले. छोट्या गावांतले गणेशोत्सव, देवळातल्या पहाटेच्या मैफली, कुणाच्या तरी वाड्यातली साठी-शांत. पंचमाची तार मधल्या बोटाने, जोड आणि खर्ज तर्जनीने, एवढंच तर करायचं असतं, असं लोकांना वाटतं. त्यातली अवघड गोष्ट अशी की शेजारी तबला द्रुतात गेला तरी आपली बोटं त्याच्यामागे जाऊ द्यायची नाहीत. सगळी मैफल पळत असते आणि तुम्ही एकट्याने पळायचं नसतं. मांडी मोडायची नाही, जांभई गिळायची, चेहऱ्यावर फार कौतुकही दाखवायचं नाही. बाईंनी मान किंचित डावीकडे वळवली की तार उतरली आहे हे समजून मणी सरकवायचा. समोरच्या लोकांना बाईंचे डोळे, हात, आलापातली समाधी दिसायची. मला दिसायचा अंबाड्याखालचा घाम आणि तानेआधी उचलला जाणारा खांदा. गाणं मला पाठीकडून ठाऊक आहे.

मिरजेला गेले ते घरच्या तानपुऱ्याची जवारी काढून घ्यायला. जवारी काढणं म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून सूर पुन्हा खुला करणं. तारा वर्षानुवर्षं एकाच जागी घासून तिच्यावर खाचा पडल्या होत्या आणि सूर कोंडल्यासारखा यायचा. पुण्यातही हे काम होतं. पण बाई मिरजेशिवाय कुणाच्या हातात वाद्य द्यायच्या नाहीत, आणि काही हट्ट वारशाने येतात.

सतारमेकर गल्लीत शिरलं की आधी वास येतो, चपड्याच्या पॉलिशचा आणि तासलेल्या लाकडाचा. मग दिसतात भोपळे. माळ्यावर, दारामागे, जिन्याखाली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे हे कडू भोपळे खायच्या कामाचे नसतात; ते वाढवले जातात ते वाद्यासाठीच, आणि नीट वाळायला महिनोन्महिने घेतात. त्यातल्या कुठल्या भोपळ्याचा तानपुरा, कुठल्याची सतार हे कारागीर टिचकी मारून ठरवतो. या घराण्यांचा इतिहास मला फार आवडतो. ही मूळची शिकलगार मंडळी, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तलवारींचं काम सुटत गेलं तेव्हा फरीदसाहेबांनी वाद्यांची दुरुस्ती आणि मग वाद्यंच करायला घेतली, असं गल्लीत सांगतात. ज्या हातांना पोलादाची धार बोटाच्या पेराने कळत होती तेच हात पुढे घोडीचा उतार तपासू लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीतल्या एका दुकानात त्याचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं पाहिलं. त्याच्याच खाली दुकानातले कारागीर चाचा वाकून कानस चालवत होते.

“किती वर्षं झाली हो ताई, जवारी काढून? खाचा पडल्यात बघा ह्या. रोज वाजवतासा का नुसता कोपऱ्यात उभा?”

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “फोनवर लावतासा न्हवं? सगळ्यांचंच चाललंय. लावा की. पर ह्याला आठवड्यातनं एकदा तरी जुळवत जावा. तार सैल पडली की लाकूड रुसतंय.”

त्यांनी घोडी उतरवली, खिडकीकडे धरून तिच्या पाठीवरून उजेड कसा घसरतो ते पाहिलं आणि कानशीने दोन-तीनदाच, इतकं हलकं घासलं की काही निघालं असेल असं वाटेना. मग तारा चढवून खर्ज छेडला. नाही. पुन्हा उतरवली. हे किती वेळा झालं हे मोजायचं मी लवकरच सोडून दिलं. घोडीची पाठ सपाट दिसते, पण तिला जरासा बाक असतो. तार त्या बाकावर नुसती टेकत नाही, कंप पावताना ती त्याला चाटत राहते, आणि त्या घासण्यातून वरचे सूर फुटतात. खर्जाच्या तारेवर कुणीही न लावलेला गंधार ऐकू येतो तो यातूनच. आणि शेवटी तारेखाली सुती दोरा. तो केसभर पुढे-मागे केला की आवाज उघडतो किंवा मिटतो.

या घोडीने सी. व्ही. रामन यांनाही थांबवलं होतं. मूळ सुराबरोबर तारेतून वरचे उपस्वरही निघतात; तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू, म्हणजे न हलणारी जागा, येतो तो उपस्वर त्या तारेतून निघू नये, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम होता. १९२१ च्या सुमारास रामन यांनी तानपुरा आणि वीणा तपासून दाखवलं की या वाद्यांत तो निघतो, आणि चांगला दणदणीत निघतो. कारण ती बाकदार घोडी आणि तो दोरा. मी हे चाचांना सांगितलं. “आसंल,” ते म्हणाले, आणि दोरा पुन्हा सरकवला. गंधार आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, तार दाबून बंद केली आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

दुपारी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच आहे. कैराण्याहून निघालेला हा माणूस शेवटी मिरजेचा झाला. ते स्वतः वाद्य दुरुस्त करण्यात वाकबगार होते. त्यांच्या तानपुऱ्यांच्या जुळणीबद्दल जुने लोक गाण्याइतक्याच आदराने बोलत. २७ ऑक्टोबर १९३७ ला पाँडिचेरीला जाताना वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून ते सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथेच गेले. जाण्याआधी त्यांनी तानपुरा जुळवायला लावला आणि दरबारीच्या सुरांत प्रार्थना म्हटली, असं सांगतात. ही हकीगत मी अनेकदा ऐकली आहे. प्रत्येक वेळी माझ्या मनात येतो तो फलाटावर तानपुरा जुळवणारा शिष्य. रात्रीची वेळ, उस्ताद आडवे झालेले, आणि याने पंचम लावायचा! त्याचे हात कसे चालले असतील?

घरी आल्यावर आठवडाभर खाँसाहेबांच्या जुन्या रेकॉर्डी लावल्या. तीन-साडेतीन मिनिटांत मावणारी ठुमरी, भैरवी, काही मराठी नाट्यपदंही. या आवाजाबद्दल मी काय लिहिणार? एवढंच म्हणेन की त्यात तानपुरा जवळजवळ ऐकूच येत नाही, त्या काळच्या यंत्राने तो टिपलाच नाही, तरीही खाँसाहेब जिथे थांबतात तिथे तो आहे असं वाटतं. सूर कशाला तरी टेकतो आणि त्या टेकण्याचा आवाज येतो.

अजिंठ्याला ऑगस्टात गेलो. पावसाळ्यात जावं. वाघोरा भरून वाहत असते, डोंगर हिरवा असतो आणि पायऱ्या चढताना जीव जात नाही. पहिल्या लेण्यात सगळी गर्दी पद्मपाणीसमोर उभी राहते, आणि राहावीच. त्या झुकलेल्या मानेसमोर दरवेळी माझंही बोलणं थांबतं. पण यंदा मी डावीकडच्या भिंतीजवळ रेंगाळले. तिथे महाजनक जातक आहे. राजाचं मन संसारातून उठलंय आणि राणी त्याला गुंतवून ठेवण्यासाठी नाच मांडते. नर्तकी मधोमध, अंगाला तो सुप्रसिद्ध बाक. तिच्याभोवती साथीदार बायका आहेत. बासरीवाल्या, झांजवाली, तालवाद्यांवरच्या. मी कितीतरी वेळ बासरीवालीकडे बघत होते. तिची नजर प्रेक्षकाकडे नाही, राजाकडेही नाही. ती नर्तकीकडे बघते आहे, आता ही कुठे वळणार या बेताने. ही नजर काल्पनिक नव्हे. ज्याने ती काढली तो कधीतरी मैफलीत साथीदारांच्या बाजूला बसलेला असणार, माझी तशी खात्रीच आहे.

अजिंठ्याची दुसरी गोष्ट ब्रिटिश काळातली. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या अधिकाऱ्याला लेणी दिसली, १८४४ पासून रॉबर्ट गिलने तिथे राहून चित्रांच्या नकला केल्या, आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिल आणि पारोची प्रेमकथा आपल्याकडे पुष्कळ सांगितली जाते, त्यामुळे ती सोडून देते. मला ओढ वाटते त्याच्यानंतर आलेल्या मुलांची. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन थंडीच्या दिवसांत अजिंठ्याला येऊ लागले आणि हे काम १८८५ पर्यंत चाललं. मोठमोठे कॅनव्हास, गुहेतला अंधार, वटवाघळं. पारशी, मराठी, गोवेकर पोरं, वीस-पंचवीस वर्षांची. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कुणा चित्रकाराची रेघ आपल्या हाताने पुन्हा ओढायची, आणि स्वतःची म्हणून एकही रेघ मध्ये येऊ द्यायची नाही. हे काम पूर्ण होतंय तोच त्या नकलांतल्या बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच दुसऱ्या आगीत गेल्या. उरलेल्या आजही तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्सचे दोन जाड खंड १८९६-९७ मध्ये निघाले. मुखपृष्ठावर त्याचं नाव. त्या मुलांतले पेस्तनजी बोमनजी पुढे नावाजलेले व्यक्तिचित्रकार झाले. बाकीच्यांची नावं शोधावी लागतात.

आणि मूळ भिंतींचं काय झालं? १९२० नंतर निजामाने इटलीहून दोन जाणकार बोलावले. त्यांनी पडू लागलेला गिलावा वाचवला, हे त्यांचे उपकार. पण रंगांवर दिलेला शेलॅकचा थर पुढे पिवळा-तपकिरी पडत गेला. म्हणजे जळून गेलेल्या नकलांत एके काळी असे काही रंग होते जे आज भिंतीवरही तसे दिसत नाहीत. लेण्यातून बाहेर पडताना हा विचार पाठ सोडत नव्हता. फर्दापूरला उतरून गरम भजी खाल्ल्यावर सुटला.

मधल्या काळात भाचीबरोबर एका मॉलमध्ये युरोपातल्या एका चित्रकाराच्या चित्रांचा भिंतभर प्रकाशखेळ पाहिला. सूर्यफुलं छतावरून गळत होती, कानात मोठ्याने पियानो. तिला आवडलं. मला नाही. एवढंच.

कोकणातल्या कातळशिल्पांबद्दल बरंच वाचलं होतं, फोटोही पाहिले होते. दिवाळीनंतर राजापूर तालुक्यात कशेळीला गेलो. आधी कनकादित्याचं दर्शन. सूर्याची अशी नांदती देवळं आपल्याकडे थोडीच. मग सड्यावर. पावसाळ्यातलं गवत वाळून पिवळं झालेलं, खाली काळा-तांबडा जांभा, दूरवर समुद्र असल्याची नुसती चाहूल. गावातला एक मुलगा वाट दाखवायला आला होता. तो एका जागी थांबून म्हणाला, “हा हत्ती.” मला काही म्हणजे काही दिसेना. कातळात कोरलेल्या पन्हळीसारख्या रेघा, इकडून आलेल्या, तिकडे गेलेल्या, कुठे पाणी साचून शेवाळलेल्या. फोटोतला तो अवाढव्य हत्ती, त्याच्या पोटातले मासे, प्राणी, पक्षी हे सगळं वरून, ड्रोनमधून दिसलेलं. जमिनीवर उभ्या माणसाला ते एका नजरेत मावत नाही.

मुलाला याची सवय असावी. त्याने चपला काढल्या आणि रेघेच्या कडेकडेने चालायला लागला. “ही सोंड. हा पाय. आता मी पाठीवरून चाललोय बघा.” मी जागची हलले नाही, फक्त त्याच्याकडे बघत राहिले, आणि त्याच्या चालण्यातून हत्ती उमटला. मागचा पाय संपेपर्यंत तो खूप लांब गेला होता.

ज्यांनी हे कोरलं त्यांना तरी ते पूर्ण कधी दिसलं असेल का? हा प्रश्न तिथे प्रत्येक जण विचारतो म्हणे, मुलगाही हसून गप्प राहिला. शिल्पांचा नेमका काळ अजून वादात आहे. अभ्यासक हजारो वर्षांच्या गोष्टी करतात. गुराख्यांना आणि गावकऱ्यांना यांतली काही चित्रं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, कुठे पांडवांनी काढली म्हणायचे, कुठे देवाची म्हणून पाया पडायचे. ती जगासमोर आणली रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी, वर्षानुवर्षं सडे तुडवून, दारोदार विचारून. २०२२ मध्ये कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे ही ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बारसूचं नाव लोकांना रिफायनरीच्या वादामुळेच जास्त माहीत. पण रिफायनरी आली-गेली तरी चिरेखाणी आहेतच. जांभा हा घर बांधायचा दगड. एक खाण सरकत सरकत कुठे पोचेल याचा नेम नसतो. उक्षीला गावाने शिल्पाभोवती चिऱ्यांचाच गोल कट्टा बांधून ते जपलं आहे. तिथला हत्ती आटोपशीर, कट्ट्यावर उभं राहून एका नजरेत दिसतो. तरी मला कशेळीचाच आवडला, चालून दाखवावा लागणारा.

तंजावरला जायचं खूप वर्षं ठरत होतं आणि खरं सांगायचं तर बृहदीश्वर पाहून मी दडपूनच गेले. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरं केलेलं हे देऊळ. त्याच्या शिखराखाली उभं राहिलं की मान मोडते आणि विशेषणं संपतात, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. प्राकाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीवर मात्र आपली लिपी आहे. तमिळ शिलालेखांच्या त्या महासागरात अचानक देवनागरी, मराठी, ओळींमागून ओळी. सरफोजी दुसरे यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास. मजकूर सिद्ध केला त्यांच्या चिटणिसाने. माझ्याशेजारी एक नाशिककडचं कुटुंब होतं. आजोबा मोठ्याने वाचू लागले, दोन ओळींत अडखळले, नातवाने फोनचा टॉर्च धरला, भर उन्हात. पंधरा मिनिटांत त्यांनी वीतभर भिंत वाचली असेल. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत इथे मराठी घराणं नांदलं, हे शाळेत एका ओळीत उरकलं होतं. ती ओळ इथे भिंतभर पसरली आहे आणि ऊन-पाऊस खाते आहे.

इथेही माझी खोड सुटली नाही. तंजावर वीणांचं गाव, म्हणून एका कारखान्यात गेले. फणसाचं लाकूड, पिवळसर, त्यात कोरून काढलेला वीणेचा कुंभ. कोपऱ्यात एक तंबोरा उभा होता. आपल्याकडे भोपळा असतो तिथे त्याला फणसाच्या लाकडाचाच फुगीर घट, त्यामुळे तो आखीव आणि भारदस्त दिसतो, जरासा करड्या मास्तरांसारखा. पण घोडीवर दोरा तोच. कारागिराला मराठी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं. मी खूण करून विचारलं, वाजवू? त्याने मान हलवली. खर्ज छेडला तर तोच, न लावलेला गंधार. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. मिरजेच्या चाचांना हा माणूस कधी भेटणार नाही, याचं मला उगाच वाईट वाटलं.

संध्याकाळी हरिकथा ऐकली. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर रामचंद्रबुवा तंजावरला आले, त्यांच्या कीर्तनाची तिथल्या लोकांना भुरळ पडली आणि पुढे कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला जो घाट दिला त्यात मराठी कीर्तनाचं पुष्कळ काही उतरलं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाचणं वेगळं. कथेकरी बाई तमिळमध्ये कथा सांगत होत्या, एक अक्षर कळत नव्हतं, आणि मध्येच त्यांनी कीर्तनातली साकी उचलली. साकीची चाल! लहानपणी देवळात ऐकलेली, कीर्तनकारबुवांच्या पागोट्यासकट आठवणारी. मी ताठ झाले. पाठोपाठ दिंडीची चाल. मागे बसलेल्या दोन मुली शेवटची ओळ उचलून धरत होत्या, तोवर बाई घोटभर पाणी पिऊन घेत होत्या. अगदी आपल्यासारखंच.

राहिला सवाई. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य आणि भीमसेनजींचे गुरू. ते १९५२ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेनजींनी पुण्यात हा उत्सव सुरू केला. रमणबागेतल्या थंडीच्या आणि पहाटेपर्यंत चालणाऱ्या मैफलींच्या आठवणी सांगणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांतली नाही, मला मुकुंदनगरचं मैदानही आवडतं. गाडी लावायला जागा नसते हे खरं. पण मिसळीच्या स्टॉलपाशीही सूर स्पष्ट पोचतो.

यंदाही काही गाणी अप्रतिम झाली आणि काही नुसतीच मोठी झाली. त्यांवर वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे. मी पाहत होते ते मागे. आता बहुतेक मंचावर तानपुऱ्यांच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची एक पेटीही असते. बंगळुरूचे जी. राजनारायण, जे स्वतः बासरी वाजवत, त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस असं यंत्र तयार केलं. त्या यंत्राने किती घरांतला रियाज सोपा केला हे नाकारण्यात अर्थ नाही, मी तर त्याच्या फोनमधल्या नातवंडावर जगते. पण पेटीचा तानपुरा गायकाला ऐकत नाही. एका तरुण गायकाच्या मागे बसलेली मुलगी ऐकत होती. तो खालच्या षड्जावर थांबला की तिची बोटं अंगुळभर हलकी पडायची, खर्ज त्याच्या आवाजाला वाट देऊन मग यायचा. हे समोर बसलेल्या दहा हजारांत कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही, आणि लक्षात यावं अशी तिची इच्छाही नसावी. शेवटी निवेदकाने नावं घेतली. तबला, संवादिनी, त्यावर टाळ्या. तानपुऱ्याची नावं येईपर्यंत लोक शाली झटकून उठलेले, तिचं आडनाव टाळ्यांत आणि खुर्च्यांच्या खडखडाटात गेलं. कार्यक्रमपत्रिकेतही ते छापलेलं नव्हतं. ते छापायला काय हरकत आहे हे मला कळत नाही. एक ओळ जास्त लागेल फार तर.

मध्यंतरात चहाच्या रांगेत ती माझ्या पुढेच उभी होती, रेशमी साडीवर लोकरी स्वेटर चढवून. मला राहवलं नाही.

“द्रुत सुरू झाल्यावर तुझा पंचम उतरला होता ना गं?”

तिने दचकून मागे पाहिलं. “तुम्हाला कळलं, काकू?”

“मणी सरकवलास तेव्हा कळलं. आधी नाही.”

“म्हणजे गुरुजींनाही कळलं असणार,” ती म्हणाली. “घरी जाईपर्यंत गाडीत ऐकावं लागेल आता.” आणि दोन चहा, एक वडापाव सांगून ती पर्समध्ये सुटे पैसे शोधू लागली.